माणदेशातून नेब्रास्काच्या गव्हाणीपर्यंत

जानेवारीतली पहाट, साडेपाच वाजलेले, बाहेर उणे वीस अंश. पिकअपची काच खाली करून मी सिमेंटच्या लांबलचक गव्हाणीवर टॉर्च मारतो. काल टाकलेल्या चाऱ्यातलं किती उरलं? गव्हाण चाटून साफ आहे, पातळ थर आहे की ढीग तसाच पडलाय? शून्यापासून चारपर्यंत आकडा लिहायचा आणि पुढच्या पेनकडे, म्हणजे कुंपण घातलेल्या पुढच्या आवाराकडे, जायचं. एका पेनमध्ये दोनशेच्या आसपास स्टिअर, म्हणजे खच्ची केलेले गोऱ्हे. त्या एका आकड्यावर त्यांना आज किती खायला मिळणार ते ठरतं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि ते संगणकापुढे होत नाही.

पशुवैद्यकीचं किंवा कृषीचं शिक्षण झालेली बरीच मुलं विचारतात, की अमेरिकेत गोमांसाच्या उद्योगात शिकायला, कामाला यावं का? एका फोनवर उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

माझं गाव माणदेशातलं. घरी खिलार बैलांची एक जोडी आणि एक गाय. २०१२-१३च्या दुष्काळात आम्ही जनावरं घेऊन चारा छावणीत राहिलो होतो. पुढे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि ऑगस्ट २०१७ला नेब्रास्का विद्यापीठात, लिंकनला, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आहारशास्त्रात एमएस करायला आलो. पहिल्यांदा फीडलॉट, म्हणजे गुरं एका जागी ठेवून खाऊ घालून वाढवतात ती जागा, बघितला तेव्हा छावणीच डोळ्यांपुढे उभी राहिली. ओळीत उभी जनावरं, बाहेरून आणलेला चारा, धूळ, शेणाचा वास. फरक एवढाच, की छावणीत आम्ही जनावर जगवायला बसलो होतो आणि इथे ते वाढवून कारखान्यात पाठवायचं होतं. हा फरक लहान नाही. त्याबद्दल आधी बोलतो, कारण बाकीचं सगळं शिकता येतं.

माझ्या घरात गोमांस कधी शिजलं नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्यापासून बंदी होती, २०१५ला बैलांवरही आली. आमचा म्हातारा बैल गोठ्यातच गेला, आबांनी त्याला बांधाजवळ पुरला आणि दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. अशा घरातून आलेल्या माणसाने रोज गोऱ्ह्यांचं वजन वाढवायचं, ते कशासाठी हे माहीत असताना, याचं उत्तर विमानात बसायच्या आधी स्वतःला द्यावं लागतं. मी ते दिलं नव्हतं. अभ्यासक्रमात कत्तलखान्याची भेट होती. त्या रात्री मी झोपलो नाही. पण तिथेच मला एक गोष्ट समजली. जनावर शेवटच्या वळणावर घाबरू नये म्हणून भिंती कशा असाव्यात, उजेड कुठून यावा, पायाखाली घसरू नये म्हणून काय करावं, यावर टेम्पल ग्रँडिन या कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने आयुष्य घातलंय. जनावराच्या जगण्याची आणि मरण्याची एवढी बारीक काळजी करणारं कुणीतरी या धंद्यात असायलाच हवं, आणि ते मी होऊ शकतो, असं मला वाटलं. घरी मी काही लपवलं नाही. आबांनी एवढंच विचारलं, "उपाशी-तहानलेलं तर न्हाय ना ठेवत?" मी नाही म्हणालो आणि त्या शब्दाला आजवर जागतो आहे. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. ते 'नको' असं असेल तर दुग्धव्यवसाय आहे, शेळ्या-मेंढ्या आहेत. त्यात काही कमीपणा नाही.

आता हा धंदा चालतो कसा. बाहेरून तो एकच दिसतो, पण त्यात तीन वेगळी माणसं आहेत आणि तिघांचं नफ्याचं गणित एकमेकांच्या उलटं चालतं. पहिला रँचर. त्याच्याकडे गायी. नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये वाळूच्या टेकड्यांवर मैलोन्‌मैल गवत आहे. तिथे नांगर घातला तर वाळू उडेल, म्हणून गायीच चरतात. वसंताच्या तोंडावर वासरं होतात आणि सहा-आठ महिन्यांनी, पाचशे-सहाशे पौंडांची झाली की विकली जातात. दुसरा फीडलॉटवाला. तो ती विकत घेतो आणि मका, इथेनॉलच्या कारखान्यातून येणारा ओला चोथा आणि थोडा चारा घालून चौदाशे-पंधराशे पौंडांपर्यंत नेतो. तिसरा पॅकर, म्हणजे कत्तल करून मांस विकणारा कारखाना. टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ हे चौघे मिळून देशातल्या खाऊ घालून तयार केलेल्या जनावरांपैकी सुमारे ८५ टक्के घेतात. हा आकडा लक्षात ठेवा. रँचरच्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारी याच आकड्यातून येतात आणि मला त्या खऱ्या वाटतात.

ही साखळी किती ताठ आहे ते मी पहिल्याच नोकरीत बघितलं. २०२०च्या सुरुवातीला फीडलॉटवर रुजू झालो आणि एप्रिलमध्ये करोनामुळे कत्तलखाने एकामागून एक बंद पडले किंवा निम्म्याने चालू लागले. आमच्याकडे तयार जनावरं उभी, घ्यायला कुणी नाही. तयार जनावर म्हणजे पिकलेला आंबा, ठेवून चालत नाही. मका कमी करून चारा वाढवायचा, वाढ मंद करायची, पण जनावराची प्रकृती बिघडू द्यायची नाही, असा आहार रातोरात बसवावा लागला. दुकानात मांस महाग होत होतं आणि इथे जनावराचा भाव पडत होता. मधल्या कारखान्याचं दार अरुंद झालं की दोन्ही बाजूंना असं होतं. एमएसच्या दोन वर्षांपेक्षा त्या आठ आठवड्यांत मी जास्त शिकलो.

माझी स्वतःची चूकही त्याच वर्षातली. नवीन आलेली वासरं गवतावर वाढलेली असतात, त्यांना मक्यावर आणायला तीनेक आठवडे लागतात, पायरी-पायरीने. एका पेनने सलग तीन दिवस गव्हाण साफ केली म्हणून मी एकदम मोठी वाढ केली. चौथ्या दिवशी अर्धा पेन खायला आला नाही, शेण पातळ, काही जनावरं कुशीकडे बघत उभी. पोटात आम्ल झालं होतं. दोन जनावरं गेली. घोड्यावरून पेन बघणारा, तिथे त्याला पेन रायडर म्हणतात, मेक्सिकोतून आलेला वयस्कर माणूस मला म्हणाला, की गव्हाण साफ दिसली तरी आधी जनावराच्या तोंडाकडे बघ, भूक आहे की हावरेपणा ते तिथे दिसतं. घरी आबाही आंबोण ठेवताना हेच बघायचे. मी ते पुस्तकांच्या नादात विसरलो होतो.

म्हणून सांगतो, गोठ्यात वाढलेल्या मुलाकडे असलेली नजर इथे फार उपयोगी पडते. कान पडलेला, कळपापासून बाजूला उभा, रवंथ थांबलेला, श्वास भरभर, हे ज्याला पन्नास फुटांवरून दिसतं त्याला श्वसनरोग एक दिवस आधी पकडता येतो. फीडलॉटमध्ये सगळ्यात जास्त जनावरं त्याच रोगाने आजारी पडतात आणि मरतात. औषधांचे नियमही कडक होत गेलेत. २०१७पासून खाद्यातून महत्त्वाची प्रतिजैविकं द्यायला पशुवैद्याचा आदेश लागतो आणि जून २०२३पासून जनावरांसाठीची अशी औषधं दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. त्यामुळे रोग यायच्या आधी ओळखणाऱ्या माणसाची किंमत वाढलीय.

आणि सध्याचा काळ चमत्कारिक आहे. १ जानेवारी २०२५ला देशात ८ कोटी ६७ लाख गुरं होती, १९५१नंतर सगळ्यात कमी. दुष्काळात चारा संपला, रँचरांनी गायी विकल्या. कळप पुन्हा वाढवायचा तर कालवड विकायची नाही, ती वाढवायची, गाभण जाऊ द्यायची, नऊ महिने थांबायचं आणि मग तिचं वासरू. तीन वर्षं सहज जातात, आणि तेवढा काळ विक्रीला जनावर आणखी कमी. त्यात मेक्सिकोतून स्क्रूवर्म माशी वर सरकली. तिच्या अळ्या जखमेतलं जिवंत मांस खातात. अमेरिकेने १९६६मध्ये ती देशातून हटवली होती, तीही वांझ केलेले नर माशांचे थवे सोडून. ही कल्पना एडवर्ड निपलिंग यांची. मादी एकदाच संग करते, एवढ्या एका निरीक्षणावर उभी राहिलेली मोहीम. वर्षाला दहा लाखांहून जास्त वासरं मेक्सिकोतून यायची, २०२५मध्ये सीमा त्यांना बंद झाली. वासरांचे भाव आभाळाला भिडले. रँचर खूश, फीडलॉटवाला चिंतेत, पॅकर तोट्यात. नोव्हेंबर २०२५मध्ये टायसनने आमच्याच राज्यातल्या लेक्सिंग्टनचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. अकरा-बारा हजार वस्तीचं गाव आणि तीन हजारांवर कामगार. भाव चढे आहेत म्हणजे नोकऱ्या आहेत, असं समजू नका.

तरी संधी आहेत. २०२२च्या शेतीगणनेत अमेरिकेतल्या शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ निघालं. मुलं शहरात, रँचवर कामाला माणूस नाही. मोठ्या जनावरांचे डॉक्टर खेड्यात मिळत नाहीत. पण आपली पदवी इथे थेट चालत नाही हे आधीच कळलेलं बरं. परदेशी पदवी तपासणाऱ्या ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह यांपैकी एक वाट, मग पशुवैद्यांच्या परवान्यासाठीची नॅव्हली परीक्षा, मग राज्याचा परवाना. यात वर्षं जातात आणि पैसा बराच लागतो. आहारशास्त्राच्या वाटेला परवाना लागत नाही, म्हणून मी ती धरली. एमएसला प्राध्यापकाच्या संशोधनावर सहायक म्हणून घेतलं तर फी माफ होते आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. कर्ज काढून या विषयाला येऊ नका, पगार ते फेडण्याएवढे नसतात. शिकून झाल्यावर ओपीटीचं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि विज्ञान शाखेची वाढीव दोन. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत आहे, तिच्यावर घर बांधू नये. विद्यापीठातल्या नोकऱ्यांना सोडत लागत नाही, हा एक आडमार्ग ध्यानात ठेवा.

स्पॅनिश शिका. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फीडलॉटवर तुम्हाला वाचवणारी आणि शिकवणारी माणसं बहुतेक स्पॅनिश बोलतात. गाडी चालवायला येऊ द्या, नाहीतर गावाबाहेर पाऊल टाकता येणार नाही. तूरडाळ आणायला मला अडीच तास गाडी चालवावी लागते.

एक गोष्ट मात्र मनाला फार सुखावून गेली. टेक्सासच्या उकाड्यात टिकणारी अमेरिकन ब्राह्मन जात आपल्याकडच्या गुरांपासून झाली. गीर, गुझेराट म्हणजे कांक्रेज, नेल्लोर म्हणजे ओंगोल, आणि थोडी कृष्णाकाठची, इथल्या पुस्तकांत 'कृष्णा व्हॅली'. सांगली-बेळगावकडचं ते जनावर आता तिकडे शोधावं लागतं आणि त्याच्या रक्ताचा अंश इथल्या वशिंडाच्या बैलांत फिरतोय. त्या बैलाचा फोटो मी आबांना पाठवला. त्यांनी फोन करून वशिंड, पोळी, शिंगांची ठेवण यावर वीस मिनिटं प्रश्न विचारले. उन्हाळ्यात काळ्या अँगस जातीच्या जनावरांना नेब्रास्कातही उष्माघात होतो, मरतातही. उष्णता सोसणाऱ्या रक्ताचा अभ्यास हा येत्या काळातला मोठा विषय आहे, आणि त्यातली निम्मी सामग्री आपल्या देशात गोठ्यात बांधलेली आहे.

अर्ज करायचा ठरलं, तर ऑगस्टच्या प्रवेशासाठी आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच प्राध्यापकांना लिहा, तेव्हाच पैशाची बोलणी ठरतात. त्यांचे दोन शोधनिबंध वाचून, नेमका प्रश्न घेऊन लिहा. आणि पहिल्या परिच्छेदात गुणांची टक्केवारी देऊ नका. घरी किती जनावरं होती, कुणाचं दूध काढलंत, कुठली अडलेली गाय सोडवलीत, लम्पीच्या साथीत काय केलंत, ते लिहा.