कर्नलचा कोड स्पार्सला समजेल असा कसा लिहावा

सी कंपायलरच्या लेखी पॉइंटर (मेमरीतला पत्ता) म्हणजे पॉइंटर. तो युजर प्रोग्रामने पाठवलाय की लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) स्वतःचा आहे, हे त्याला कळत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये स्पार्स हे कोड न चालवताच तपासणारे साधन लिहायला घेतले ते असे फरक पकडायला. मात्र फरक कोडमध्ये लिहिलेला असेल तरच स्पार्सला दिसतो, आणि खरे काम तिथेच आहे.

१. स्पार्स बसवा आणि कर्नल बांधताना मेक या बिल्ड साधनाला ‘सी=१’ द्या. त्यात नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइलीच तपासल्या जातात; ‘सी=२’ दिले तर सगळ्या. अख्ख्या कर्नलवर चालवून वॉर्निंगच्या ढिगात बुडू नका, आपल्या ड्रायव्हरची डिरेक्टरी पुरे. बदलाआधीचे आउटपुट जपून ठेवा, नंतर ताडून पाहता येते.

२. आता पॉइंटर. युजरकडून आलेल्याला ‘__युजर’, आयओरिमॅपकडून (उपकरणाची मेमरी कर्नलला वापरायला देणारे फंक्शन) मिळालेल्याला ‘__आयओमेम’ लावा. आयओक्टलचा (युजर प्रोग्राम ड्रायव्हरला आज्ञा देतो त्या कॉलचा) तिसरा आर्ग्युमेंट अनसाइन्ड लाँग, म्हणजे नुसता पूर्णांक असतो. त्याचा पॉइंटर करताना कास्टमध्येच ‘__युजर’ लिहा आणि डेटा कॉपी-फ्रॉम-युजरने आणा. ही खूण स्ट्रक्चर आणि फंक्शनच्या प्रोटोटाइपपर्यंत न्यावी लागते, मध्येच तुटली की ‘ॲड्रेस स्पेस वेगळी’ अशी तक्रार येते. अशा वेळी ‘__फोर्स’ टाकून तोंड बंद करायचा मोह होतो. टाळा! युजरने मुद्दाम कर्नलचाच पत्ता पाठवला आणि तुम्ही तो न तपासता वापरलात, तर ते थेट सुरक्षेचे भगदाड. ‘__फोर्स’ लावायचेच असेल तर कारण शेजारी कॉमेंटमध्ये लिहा.

३. हार्डवेअर किंवा नेटवर्कवरून येणाऱ्या फील्डना साधा यू३२ (३२ बिटांचा पूर्णांक) नको, ‘__एलई३२’ (लिटल-एंडियन, म्हणजे लहान किमतीचा बाइट आधी) किंवा ‘__बीई३२’ (बिग-एंडियन, म्हणजे उलट) द्या. एक्स८६ लिटल-एंडियन असल्यामुळे एलई३२-टू-सीपीयू हे रूपांतर विसरलात तरी तिथे सगळे सुरळीत चालते; चूक उघडी पडते एस३९० सारख्या बिग-एंडियन मशीनवर.

४. ‘सिंबॉल स्टॅटिक हवा का?’ या वॉर्निंगवर लगेच स्टॅटिक (नाव त्याच फाइलपुरते ठेवणारा शब्द) ठोकू नका. बऱ्याचदा त्याच फंक्शनची हेडर फाइल इन्क्लूड करायची राहिलेली असते. पॉइंटरच्या जागी ० असेल तर नल लिहा, संपले.

५. लॉक घेऊनच परतणाऱ्या फंक्शनला ‘__अक्वायर्स’, सोडणाऱ्याला ‘__रिलीजेस’. कधी लॉक घेणारे, कधी न घेणारे फंक्शन स्पार्सला झेपत नाही. खरे तर वाचणाऱ्यालाही नाही, म्हणून ते फोडून दोन करा.

६. इफडेफने (कंपाइल होण्याआधीच कोड गाळणाऱ्या अटीने) वगळलेला कोड स्पार्सपर्यंत पोहोचतच नाही. शक्य तिथे साध्या इफमध्ये ‘इज-एनेबल्ड’ (कर्नलचा एखादा पर्याय चालू आहे का ते सांगणारा मॅक्रो) वापरा: पर्याय बंद असला तरी आतला कोड तपासला जातो आणि बायनरीतून कंपायलर तो गाळतो.

पॅच पाठवताना एका प्रकारच्या वॉर्निंगला एक पॅच ठेवा, आणि त्यामागे खरा बग होता की फक्त खूण राहिली होती, ते कमिट मेसेजमध्ये स्पष्ट सांगा.