घोडा घेऊन नीरेच्या खोऱ्यात मुक्काम: निघण्याआधीची तयारी

यादीत सगळ्यात वर पाणी लिहा. तंबू, शेगडी, टॉर्च सगळं त्याच्या खाली. घोड्याला थंडीतसुद्धा दिवसाला 25 ते 30 लिटर पाणी लागतं आणि डोंगराची चाल झाली की 40 च्या पुढे. एवढं पाणी बरोबर नेता येत नाही, म्हणून मुक्काम कुठे टाकायचा ते पाण्यावरूनच ठरतं. आम्ही भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला जातो. वरंध घाटाकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना दाट झाडीचे डोंगर आणि मधून नीरेला मिळणारे ओढे. हीच नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते. भीमेच्या खोऱ्यातल्या काटक तट्टांना भीमथडी म्हणतात. हा मुलूख त्यांच्या पायाखालचाच आहे.

तारीख दिवाळी ते जानेवारीअखेर यांमधली धरा. पावसाळ्यात वाटा निसरड्या असतात, शिवाय घाटरस्ता बऱ्याचदा बंद ठेवतात. फेब्रुवारीपासून गवत वाळून कोळ होतं आणि वणव्यांची भीती सुरू होते.

धरणाच्या काठाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. पाणी उतरायला लागलं की काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो. खाली लोण्यासारखा मऊ असतो. एका डिसेंबरात आमची घोडी चांदणी पाणी बघून चार पावलं पुढे गेली आणि पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत रुतले. तिने धडपड केली नाही म्हणून निभावलं. लगाम न ओढता, मानेवर हात ठेवून, पायाजवळचा गाळ हातांनी उकरत तिला मागे घ्यायला अर्धा तास गेला. तेव्हापासून मी आधी काठी टोचत स्वतः जाऊन बघते आणि शक्यतो धरणावर न्यायचंच टाळते. दगडगोट्यांच्या तळाचा वाहता ओढा शोधा, नाहीतर बादलीने पाणी द्या. बादली घोड्याच्या ओळखीची, घरचीच न्या. अनोळखी पाण्याला घोडा बऱ्याचदा तोंड लावत नाही. निघण्याआधी चार दिवस पाण्यात गुळाचा खडा विरघळवून द्यायची सवय लावली आणि तिथेही तसंच दिलं, तर बहुतेक पितो.

जागा कोणाची आहे ते आधी विचारा. शेत खासगी असेल तर मालकाला, गायरान असेल तर ग्रामपंचायतीला, राखीव जंगल असेल तर वनखात्याला. जंगलात परवानगीशिवाय मुक्कामही नाही आणि जाळही नाही, म्हणून स्वयंपाकाला गॅसची छोटी शेगडी घ्या. रायरेश्वर जवळ आहे म्हणून तिकडे वळायचा मोह होतो, पण वर जायला लोखंडी शिडी आहे. घोडा खालीच ठेवावा लागेल आणि त्याच्याजवळ एक माणूसही.

महिनाभर आधी पशुवैद्यकांना बोलवा. धनुर्वाताची लस झालेली हवी, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. रेबीजची लसही विचारा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी आणि प्रवासासाठी तब्येतीचा दाखला घ्या आणि कागद टेम्पोतच ठेवा. नालबंदाला निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी बोलवा, आदल्या दिवशी नको. नवा नाल कुठे टोचत असेल तर ते घरीच कळलेलं बरं. खूर खरडायचा आकडा खिशात ठेवा. इथल्या वाटांवरची खडी नाल आणि तळव्याच्या मध्ये अडकते, ती दर विसाव्याला काढावी लागते.

ओझ्याचा हिशेब कागदावर करा. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त वजन पाठीवर नको. आपल्याकडचं तट्टू साधारण 300 किलोचं असतं, म्हणजे खोगीर धरून 60 किलो. 75 किलोच्या माणसाने पाठीवर न बसता चालायचं, यात मी कोणाचंही ऐकत नाही. सामानात खोगीरभरती नको.

वैरण घरून न्या. अशा तट्टाला रोज पाच-सहा किलो कोरडं गवत किंवा कडबा लागतो. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, नेहमीचीच, भिजवलेला हरभरा आणि कोंडा, आणि चालीच्या दिवशीही वाढवायची नाही. खाणं अचानक बदललं की पोटशूळ उठतो, आणि डोंगरात पोटशूळ म्हणजे जिवाशी गाठ. तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी), खरारा (अंग घासायचा ब्रश) आणि मीठ विसरू नका. मुक्कामाला पोचल्यावर आधी आजूबाजूची झुडपं बघा. कण्हेरीची थोडी पानंही घोड्याचा जीव घेतात. धरणाच्या कडेची बेशरम आणि बांधावरची घाणेरीही विषारीच.

आता बांधणं. एका वर्षी मी लांब दोर सोडून ठेवला, तिला चरायला मिळावं म्हणून. पहाटे मागच्या पायाला फास बसून खुराच्या वरची कातडी सोलली होती. त्यानंतर वाटेत भेटलेल्या धनगरांच्या वाड्यावर एक संध्याकाळ बसले. दरवर्षी घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणात उतरणारी ही माणसं, मुक्कामाचं शिक्षण त्यांच्याइतकं कोणाकडे असणार! मावशी म्हणाल्या, "आधी जनावराचं बघायचं, मग चूल." त्यांच्याकडे बघून अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे आणि मागचे बांधायचे दोर, नीट घालायला शिकले. आता दोन झाडांमध्ये माणसाच्या डोक्याच्या वर दोर ताणते आणि त्याला घोडी बांधते, तोंड जेमतेम जमिनीला लागेल एवढीच लांबी ठेवून. झाडाची साल खरवडू नये म्हणून बुंध्याला जुन्या साडीची रुंद घडी गुंडाळते. ही जागा ओढ्यापासून निदान 60 मीटर लांब हवी. पायबंद (पाय बांधायचा दोर) वापरायचा तर घरी पंधरा दिवस सवय लावून, जंगलात पहिल्यांदा नाही.

बिबट्या या भागात आहे. घोडा तंबूच्या जवळ ठेवा, पाळीने जागा, कंदील लावून ठेवा. घोडा एकाच दिशेला कान टवकारून उभा राहिला तर उठून बघा.

औषधांच्या पेटीत थर्मामीटर, जंतुनाशक, कापूस, रुंद पट्ट्या, गोचीड काढायचा चिमटा आणि जवळच्या पशुवैद्यकांचा नंबर कागदावर लिहून ठेवा. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. घोड्याच्या अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअसमध्ये असलं तर ठीक. वैरण न खाणं, पोटाकडे वळून बघणं, सारखं लोळणं यांपैकी काहीही दिसलं तर सहल तिथेच थांबवा.

निघताना लीद पसरून टाका, मेखांचे खड्डे बुजवा. घरी आल्यावर खोगिराखालची पाठ हाताने दाबून बघा, चारही खूर धुऊन तपासा, आणि दोन दिवस चंदी निम्मीच द्या.