हुलग्याच्या शेंगोळ्यांची तयारी: आधी दुसऱ्या शेगडीवर पाणी

शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या पिठाची वळून रस्स्यात शिजवलेली कडी. ती करताना पीठ मळायच्या आधी, लसूण सोलायच्याही आधी, दुसऱ्या शेगडीवर पाण्याचं पातेलं चढवा. बाकीची यादी त्यानंतर वाचली तरी चालेल. मागच्या थंडीत घरात पाहुणे असताना नेमकं हेच राहिलं. रस्सा दाटला, हाताशी गरम पाणी नव्हतं, नळाचं गार पाणी ओतलं आणि पातेलंभर शेंगोळ्यांचं पिठलं झालं. म्हणून ही यादी, आणि म्हणून तिच्यात पाणी पुन्हा पुन्हा येणार आहे.

हुलगे, म्हणजे कोकणातले कुळीथ, घरचे असोत की दुकानातले, दळायला देण्याआधी निवडा. हुलग्यात खडा असतो आणि तो हुलग्याच्याच रंगाचा, तसाच चपटा असतो, त्यामुळे ताटात पसरून नुसती नजर फिरवून भागत नाही. चाळा, पाखडा आणि मग पाण्यात रोळून घ्या. रोळताना हलके हुलगे पाण्याबरोबर वर येतात, खडे तळाशी बसतात. शेवटचा मूठभर ऐवज सरळ टाकून द्या, त्याचा मोह नको. मग फडक्यावर पसरून दोन उन्हं दाखवा. ओलसर हुलगे गिरणीवाला घेणार नाही, घेतले तर पीठ जात्याला चिकटेल आणि आठवड्यात त्याला वास लागेल. गिरणीत हरभऱ्याच्या डाळीवर दळून मागा. गव्हावर किंवा ज्वारीवर दळलं की पहिलं शेरभर पीठ कशाचं आहे हे कळत नाही.

विकतचं पीठ आणणार असाल तर आधी चिमूटभर जिभेवर ठेवा. जुनं पीठ कडवट लागतं आणि तो कडवटपणा कितीही लसूण घातला तरी जात नाही. कोकणातून आलेलं पिठीचं, म्हणजे कुळथाच्या पिठल्याचं, पीठ असेल तर ते बहुतेक भाजलेल्या कुळथाचं असतं. चव उत्तम, पण भाजलेल्या पिठाला चिकटपणा कमी, शेंगोळं वळताना तडे जातात. तेव्हा त्यात गव्हाचं पीठ जरा सढळ हाताने घाला.

चार-पाच माणसांना हुलग्याचं पीठ 2 वाट्या आणि ज्वारीचं किंवा गव्हाचं अर्धी वाटी. ज्वारीने शेंगोळं खुसखुशीत तुटतं, गव्हाने चिवट राहतं. पहिल्यांदा करत असाल तर गहू घ्या, ते सांभाळून घेतं. तेल, मोहरी, हिंग, हळद, मीठ घरात असतंच.

लसूण मात्र मोजून ठेवा. एक आख्खा गड्डा लागतो: निम्मा पिठात, निम्मा फोडणीत. हिवाळ्यात नवा लसूण यायला वेळ असतो आणि जुन्याचे गड्डे आतून पोकळ निघतात, म्हणून दोन आणा. पिठातलं वाटण म्हणजे लसूण, जिरं, हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर आणि मीठ. ते खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये पाणी घातल्याशिवाय इतकंसं वाटण फिरत नाही, आणि पाणी घातलं की पीठ सैल होतं. सैल पिठाचे शेंगोळे कितीही उकळत्या पाण्यात सोडा, फुटणारच.

आता पाणी. रस्स्याला 6 वाट्या आणि वरून घालायला किमान 4 वाट्या, सगळं बाजूच्या शेगडीवर, झाकण घालून, मंद आचेवर, शेवटचा माणूस वाढून होईपर्यंत. त्या 4 वाट्या कमी करू नका. चुलीच्या घरात हा प्रश्नच नव्हता. चुलीला वैल, म्हणजे शेजारचं दुसरं तोंड, असायचा, मुख्य जाळाच्या धगीवर वैलावरचं पातेलं आपोआप तापत राहायचं आणि घरातली बाई न बघता त्यात पळी बुडवायची. वैल गेला, दोन शेगड्यांचा गॅस आला, दुसऱ्या शेगडीवर भाताचा कुकर किंवा भाकरीचा तवा बसला, आणि गरम पाण्याची जागा गेली. म्हणून ती मुद्दाम राखावी लागते. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळा, भात आधी लावा. एकच शेगडी असेल तर पाणी उकळून थर्मासमध्ये भरा, किंवा विजेची किटली ओट्यावर ठेवा. कशातही ठेवा, पण ठेवा.

कारण साधं आहे. शेंगोळं म्हणजे कच्चं पीठ. ते खळाखळा उकळत्या पाण्यात पडलं की वरचा थर लगेच शिजून घट्ट होतो आणि आतलं पीठ धरून ठेवतो. पाणी नुसतं गरम असेल तर तो थर बसायच्या आधीच पीठ विरघळायला लागतं. अर्ध्यात गार पाणी ओतलं तरी तीच गत: उकळी मोडते, बाहेरचं पीठ फुगून सुटत राहतं, आतलं शिजायचं थांबतं. परत उकळी येईपर्यंत चार-पाच मिनिटं जातात, तेवढ्यात व्हायचं ते नुकसान होऊन जातं. नंतर कितीही शिजवा, बाहेर लगदा आणि मधे कोरडं पीठ. ढवळून तर अजिबात सुधारत नाही.

पीठ घट्ट मळा, पुरीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट. पाणी चमच्याचमच्यानं. मळून झाल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा आणि परात धुऊ नका. परातीला आणि हाताला जे पीठ लागलेलं असतं ते वाटीभर पाण्यात कालवून बाजूला ठेवा, शेवटी रस्स्याला तेच दाटपणा देतं. वेगळं पीठ लावायची गरज पडत नाही आणि मीठ-लसणाची चवही त्यात आधीच असते. माझ्या मते चांगल्या शेंगोळ्यांचा अर्धा रस्सा या परातीच्या पाण्यात आहे, आणि तीच गोष्ट घाईत सिंकमध्ये जाते.

वळताना तळहाताला तेल. सुपारीएवढा गोळा घेऊन पोळपाटावर तळव्याने पुढेमागे फिरवा, करंगळीपेक्षा बारीक वळी झाली पाहिजे आणि टोकापासून टोकापर्यंत सारखी. मधे जाड राहिली तर ती जागा कच्ची राहते. मग कडं करून दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवा आणि बोटाने दाबा. नुसती टेकवलीत तर उकळीत सुटतात. काही घरी चकलीसारखा वेढा घालतात, तो दिसायला छान पण आतल्या वेढ्याला शिजायला वेळ लागतो. मुलं मदतीला असतील तर त्यांना टोकं दाबायला बसवा, त्यांची बोटं लहान असतात आणि काम नीट करतात. वळलेले शेंगोळे तेल लावलेल्या ताटात एकाच थरात मांडा. एकावर एक रचले की चिकटतात, सोडवताना मोडतात, आणि मोडलेले तुकडे रस्स्यात पहिले विरघळतात.

सगळे वळून झाल्याशिवाय फोडणीला हात लावू नका. अर्धे वळले, बाकीचे उकळता उकळता वळू, असं वाटतं, पण तसं होत नाही. तेलकट पिठाचे हात घेऊन झाकण काढायचं, आच बघायची, पाणी बघायचं, यात काहीतरी सुटतं. सुटतं ते पाणीच.

फोडणीत तेल नेहमीपेक्षा जास्त. हुलगा रुक्ष आहे, तेल कमी पडलं की घशात अडकतो. मोहरी, जिरं, हिंग, मग ठेचलेला लसूण चांगला बदामी होईपर्यंत, हळद, लाल तिखट, आणि तिखट जळायच्या आत लगेच पाणी. हे पाणीही बाजूच्या पातेल्यातलं गरमच घाला. गार घातलं तर उकळी यायला थंडीत फार वेळ लागतो. मीठ रस्स्यापुरतंच घाला, पिठात आधीच आहे. पातेलं रुंद आणि खोल घ्या. कढईत शेंगोळ्यांना मोकळं फिरायला जागा मिळत नाही, आणि हुलग्याला फेस येतो, तो उतू जाऊन आच विझते.

पाणी मधोमध खळाळायला लागलं की शेंगोळे एकेक करून सोडा, ताट उलटं करू नका. चार-पाच सोडले की थांबा, उकळी पुन्हा उसळू द्या, मग पुढचे. पहिली सात-आठ मिनिटं पळी घालायची नाही. ते तळाला बसतील आणि आपसूक वर येतील. वर आले की उलथण्याने बाजूबाजूने अलगद हलवा. अर्धवट झाकण ठेवून मध्यम आचेवर एकूण 20 ते 25 मिनिटं. दहाव्या मिनिटाच्या आसपास रस्सा दाटायला लागतो आणि शेंगोळे पाण्याच्या वर डोकावतात. इथेच घात होतो. हात नळाकडे जातो. नळ नको, माठ नको, जगातलं कोमट पाणी नको. बाजूच्या पातेल्यातलं उकळतं पाणी, एक वाटी, कडेकडेने. पुन्हा लागलं तर पुन्हा उकळतंच.

शिजलं का हे बघायला एक मोठं शेंगोळं बाहेर काढून मोडा. मधे फिकट, कोरडा ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं. सगळीकडे एकच गडद रंग असेल तर परातीचं कालवलेलं पाणी ढवळून ओता. ते वाटीभरच असतं आणि शेंगोळे आता शिजलेले असतात, म्हणून चालतं. आणखी दोन उकळ्या आणि बंद. झाकून दहा मिनिटं तसंच राहू द्या.

हाच हुलगा पिठाऐवजी आख्खा असेल, म्हणजे कळण करायचं असेल, तर रात्रभर भिजवा आणि भरपूर पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या. कोकम, चिंच, टोमॅटो काहीही आंबट आधी घालू नका, कडधान्य मऊ व्हायला वेळ लावतं. बोअरच्या जड पाण्यातही तसंच होतं, पिण्याचं पाणी वापरा. गाळलेल्या पाण्याला लसूण-मिरचीची फोडणी, कोकम, मीठ. घट्ट वाटलं तर गरम पाणी. शिजलेल्या हुलग्यांची उसळ.

विदर्भातली तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या हिरव्या दाण्यांची, आमटी थंडीचीच: सोले तेलावर परतून, लसूण-मिरचीबरोबर जाडसर वाटून, पुन्हा खमंग परतून मग पाणी. तेही उकळतंच. गार पाण्याने वाटण आणि पाणी वेगळं राहतं. पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, उकळत ठेवला असेल तर पाणी आटतं तसं गरम पाणी वाढवत राहायचं, एवढंच.

अपवाद फक्त माडग्याचा, म्हणजे हुलग्याच्या पिठाच्या पातळ पेजेचा. हुलग्याचं पीठ आधी गार पाण्यातच कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही, आणि मग ती धार उकळत्या पाण्यात सोडत ढवळायची. पीठ थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या फुटत नाहीत. गुळाचं करा किंवा जिरं-लसूण-मिठाचं, सर्दीने घसा धरला असेल तर वाटीभर गरम गरम. हुलगा उष्ण मानतात, म्हणून हे सगळं डिसेंबर-जानेवारीतच. पित्ताचा त्रास असलेल्यांनी ताक बरोबर घ्या.

वाढताना कांदा, लिंबू, वरून कच्चं तेल किंवा तूप. भाकरी बाजरीची. खोल ताटल्या काढून ठेवा. पहिली पंगत होईपर्यंत रस्सा पुन्हा दाटतो, तेव्हा बाजूच्या पातेल्यातलं पाणी आणि चवीपुरतं मीठ.

उरलेले शेंगोळे रात्रभरात रस्सा पिऊन घेतात. सकाळी उकळतं पाणी घालून मंद आचेवर मोकळे करा, उलथणं कमीत कमी. कोणाला डबा द्यायचा असेल तर शेंगोळे आणि रस्सा वेगवेगळे भरा.