फ्रंटियरवरच्या बूटवाल्याचं आणि त्याच्या घरच्यांचं आयुष्य जुन्या कागदांतून कसं शोधायचं

अमेरिकेच्या फ्रंटियरवर, म्हणजे वस्ती जसजशी पश्चिमेकडे सरकत गेली त्या कडेवरच्या गावांत, बुटांचं दुकान चालवणारा एखादा माणूस तुम्हाला कुठेतरी नावापुरता भेटलाय आणि त्याचं आयुष्य उभं करायचंय, तर पहिली गोष्ट सांगते, वंशावळ घेऊन बसू नका. आधी त्याचा माल समजून घ्या. माल कुठून यायचा, किती दिवसांनी यायचा, कोणाच्या पैशाने यायचा हे कळलं की त्याच्या घरातल्या निम्म्या गोष्टींची कारणं आपोआप लागतात, गाव का सोडलं, बायकोच्या नावावर दुकान का गेलं, थोरल्या मुलाची शाळा मध्येच का सुटली.

तर माल. 1850 नंतर पश्चिमेकडे विकले जाणारे बूट बहुतेक तिथे बनायचेच नाहीत, ते यायचे पूर्व किनाऱ्यावरच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून, तिथे लिन, हेवरहिल असली गावंच्या गावं याच धंद्यावर जगत होती. तळ लाकडाच्या छोट्या खुंट्यांनी ठोकलेला असायचा नाहीतर हाताने शिवलेला. 1858 मध्ये लायमन ब्लेकने तळ शिवायच्या मशीनचं पेटंट घेतलं, गॉर्डन मॅकेने ते विकत घेऊन सुधारलं, यादवी युद्धात सैन्यासाठी बुटांची प्रचंड मागणी आली आणि कारखाने जोरात सुरू झाले. मग 1883 मध्ये यान मॅट्झेलिगरने वरचं चामडं साच्यावर ओढून बसवणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं, हाताने करणारा कुशल कारागीर दिवसाला पन्नासेक जोड करायचा तिथे या मशीनवर कित्येक शे होऊ लागले. तुमचा दुकानदार कुठल्या दशकातला आहे ते बघून ही पार्श्वभूमी लावा, कारण 1855 चा माणूस स्वतः हातात आरी घेऊन बसलेला असू शकतो आणि 1885 चा माणूस बहुतेक वेळा खोके उघडून विकणारा असतो. शूमेकर आणि बूट-शू डीलर हे दोन शब्द कागदात वेगळे येतात, ते तसेच वेगळे टिपून ठेवा. एकाच माणसापुढे एका जनगणनेत एक आणि दुसऱ्या जनगणनेत दुसरा शब्द दिसला तर ती लेखनिकाची चूक म्हणून सोडून देऊ नका, कारागिराचा व्यापारी झाला ही कदाचित त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना असेल.

माल डोळ्यांनी बघायचा असेल तर दोन बुडालेल्या बोटी आहेत आणि मला विचाराल तर कुठल्याही कागदाच्या आधी त्यांचे फोटो बघावेत. अरेबिया ही स्टीमबोट 5 सप्टेंबर 1856 ला मिसुरी नदीत बुडाली, 1988-89 मध्ये ती एका शेताखालून उकरून काढली, नदीने तोवर पात्रच बदललं होतं, आणि तिच्या मालात बूट आणि शूज हजारोंनी निघाले, ते कॅन्सस सिटीच्या म्युझियममध्ये मांडले गेले. दुसरी बर्ट्रँड, 1 एप्रिल 1865 ला माँटानाच्या खाणगावांकडे माल नेताना बुडाली. त्या बोटीत जे भरलं होतं तेच कुठल्यातरी दुकानाच्या फळ्यांवर लागणार होतं.

आता वेळेचं गणित. रेल्वे येण्याआधी मिसुरीच्या वरच्या भागातल्या गावांना नदीवरच अवलंबून राहावं लागायचं, हिवाळ्यात नदी गोठायची, उन्हाळा सरता सरता पाणी उतरायचं, म्हणजे वर्षभराचा माल काही महिन्यांतच गावात आणून टाकायचा आणि तोही उधारीवर. 10 मे 1869 ला युटामध्ये प्रोमोंटरी समिटला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारी रेल्वे जोडली गेली आणि ज्या गावांजवळून रूळ गेले तिथल्या दुकानदारांना थोडा थोडा माल मागवता येऊ लागला. तुमच्या गावात रेल्वे कोणत्या साली पोचली ते शोधा आणि कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढची प्रत्येक तारीख त्याच्या आधीची की नंतरची हे सारखं बघावं लागतं.

यानंतर जनगणना. ती दर दहा वर्षांनी व्हायची. 1850 ची पहिली, जिच्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं आणि बाकीचे नुसते आकडे. 1860 आणि 1870 मध्ये जमीनजुमला किती डॉलरचा आणि बाकीची मालमत्ता किती डॉलरची असे दोन रकाने आहेत, दुकानदारासाठी हे सोन्यासारखे आहेत कारण दुसऱ्या रकान्यात बऱ्याचदा दुकानातला मालच असतो. घरप्रमुखाशी नातं काय हे मात्र 1880 पासूनच लिहायला लागले, त्यामुळे 1870 च्या पानावर घरात एक वीस वर्षांचा मुलगा दिसला तर तो मुलगा की भाऊ की दुकानातला नोकर हे स्वतः ठरवून टाकू नका. आणि 1890 चं शोधण्यात वेळ घालवू नका, ती जवळजवळ सगळी गेली, जानेवारी 1921 मध्ये वॉशिंग्टनला आग लागली त्यात बरीचशी जळाली-भिजली आणि उरलेली पुढे सरकारनेच नष्ट केली. 1880 ते 1900 ही वीस वर्षांची खिंड इतर कागदांनी भरावी लागते, शहराच्या डिरेक्टऱ्या म्हणजे नाव, धंदा, पत्ता देणारी छापील पुस्तकं, वर्तमानपत्रं, मालमत्ता कराची पुस्तकं.

नावाबद्दल एक. मी एका कुटुंबामागे कित्येक महिने एकच स्पेलिंग धरून बसले होते आणि ते लोक सगळ्या कागदांत होते, फक्त म्युलरचे मिलर झालेले. आणि एलिस आयलंडवर नाव बदललं ही गोष्ट कोणी सांगितली तर तारीख बघा, एलिस आयलंड हे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र 1892 ला उघडलं, त्याआधी न्यूयॉर्कला उतरणारे 1855 ते 1890 कॅसल गार्डन या जुन्या केंद्रातून जायचे, आणि नावं बहुतेक करून लोकांनी स्वतःच हळूहळू बदलली.

आता ज्या कागदासाठी मी सगळ्यात जास्त वेळ देते तो म्हणजे उधारीचा रिपोर्ट. लुईस टॅपनने 1841 मध्ये न्यूयॉर्कला मर्कंटाइल एजन्सी काढली, पुढे ती आर. जी. डन आणि कंपनी झाली. पूर्वेकडच्या घाऊक व्यापाऱ्याला दूरच्या गावातल्या दुकानदाराला माल उधार द्यावा की नाही हे कळावं म्हणून गावोगावचे लोक, बरेचसे वकील, गुपचूप माहिती कळवायचे, अब्राहम लिंकनही असे रिपोर्ट पाठवायचा. त्या वह्या, अडीच हजारांहून जास्त, हार्वर्डच्या बेकर लायब्ररीत आहेत. दुकानदार दारू पितो का, भागीदार कोण, सासऱ्याकडे पैसा आहे का, पैसे वेळेवर देतो का, सगळं दोनचार ओळींत. पण हे जपून वाचा. लिहिणारा शेजारी होता, त्याचे हेवेदावे होते, आणि ज्यू व्यापाऱ्यांबद्दल त्या वह्यांमध्ये जो आकस दिसतो तो वाचून त्रास होतो, माणूस वर्षानुवर्षं नीट पैसे फेडत असला तरी त्याच्या धर्मावरून संशय लिहिलेला असतो. फ्रंटियरवरच्या दुकानदारांत जर्मन बोलणारे ज्यू खूप होते, म्हणून हे सांगतेय. रिपोर्टमधलं मत वेगळं लिहा, आकडा आणि तारीख वेगळी लिहा.

दुकान जागेवर कसं दिसायचं त्यासाठी सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्याचे नकाशे, कंपनी 1867 ची. पिवळा रंग म्हणजे लाकडी इमारत, गुलाबी म्हणजे विटांची, दुकानाला एस आणि राहत्या घराला डी. शेजारी काय होतं ते पण बघा, लाकडी दुकानाला चिकटून लोहाराची भट्टी असेल तर विम्याचा हप्ता काय बसत असेल विचार करा. आगी या गावांना अक्षरशः खायच्या, व्हर्जिनिया सिटी, नेवाडा 26 ऑक्टोबर 1875 ला, डेडवुड 26 सप्टेंबर 1879 ला. आगीनंतरच्या आठवड्यांची वर्तमानपत्रं ओळ न् ओळ वाचा, कोण कुठे तात्पुरतं दुकान मांडून बसलाय याच्या जाहिराती असतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिका या साइटवर पुष्कळ जुनी वर्तमानपत्रं फुकट आहेत.

आगीशिवाय दुसरी आपत्ती म्हणजे मंदी. 18 सप्टेंबर 1873 ला जे कुक नावाच्या बँकरची पेढी बुडाली, ती जिला पैसा पुरवत होती त्या नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचं काम डकोटातल्या बिस्मार्कपाशी थांबलं, आणि रेल्वे येणार या भरवशावर माल भरून बसलेले दुकानदार अडकले. पुढच्याच वर्षी 1874 ला कॅन्सस, नेब्रास्का भागात टोळधाडीने पिकं खाल्ली, शेतकऱ्याकडे पैसे नाहीत म्हणजे बुटांची उधारी वसूल नाही, आणि पूर्वेकडचा घाऊकवाला थांबायला तयार नाही. 1867 च्या दिवाळखोरी कायद्याखालच्या, तो 1878 ला रद्द झाला, फाइली नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मिळतात आणि त्यात कोणाचं किती देणं याच्या याद्या असतात. ही यादी मिळाली तर दुकानाची जगाशी असलेली सगळी नाती एका कागदावर आली समजा.

आणि बायको. तिला कागद फारसं विचारत नाहीत. 1870 च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांपुढे कीपिंग हाउस लिहायची सूचनाच होती, मग ती दिवसभर गल्ल्यावर बसत असली, वह्या लिहीत असली, वरच्या खोल्या भाड्याने देऊन जेवण घालत असली तरी तेच. तिला शोधायचं तर आडवाटेने. घरात वेगळ्या आडनावाची चारपाच माणसं दिसली तर ती बहुधा भाडेकरू आणि त्यांचा स्वयंपाक तीच करत असणार. दुकानाची पाटी अचानक तिच्या नावाची झाली तर त्याआधीच्या दोन वर्षांत नवऱ्याचं दिवाळं शोधा, कारण कॅलिफोर्नियात 1852 पासून लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र व्यापारी म्हणून नोंद करता यायची आणि मग नवऱ्याकडे ज्यांचं येणं होतं त्यांना तिच्या धंद्यावर हात टाकता यायचा नाही. नागरिकत्वाच्या कागदात तिचं नाव मिळालं नाही तर काळजी करू नका, 1855 पासून नवरा नागरिक झाला की ती आपोआप व्हायची.

मुलांसाठी शेवटी 1900 ची जनगणना उघडा, ती बाई तोवर जिवंत असेल तर. त्यात प्रत्येकाचा जन्माचा महिना आणि साल आहे, आणि आईपुढे दोन आकडे, किती मुलं झाली आणि किती हयात आहेत. त्या दोन आकड्यांत फरक असेल तर परत मागे या, 1850 ते 1880 च्या प्रत्येक जनगणनेबरोबर मृत्यूंची वेगळी यादी आहे, जनगणनेच्या आधीच्या बारा महिन्यांत गेलेल्यांची, नाव, वय, महिना, कारण. मधल्या वर्षांत गेलेलं मूल त्यात सापडणार नाही, त्यासाठी चर्च नाहीतर सिनेगॉग म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या नोंदी आणि दफनभूमीच्या वह्या बघा, आणि तिथेही नाही मिळालं तर कुटुंबाच्या तक्त्यात त्याच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवा, नाव माहीत नसलं तरी.