अंडकोषातल्या शिरा फुगल्यात का, घरच्या घरी कसं बघायचं

गरम पाण्याने अंघोळ झाली की लगेच बघा, कारण गारठ्यात पिशवी आकसून वर जाते आणि हाताला नीट काही लागत नाही. आणि बघायचं ते उभं राहूनच, आडवं पडलं की शिरांमधलं रक्त पोटाकडे उतरून जातं, मग फुगलेली शीर असली तरी सापडत नाही.

अंगठा आणि दोन बोटांमध्ये एक गोटी धरून हलकेच फिरवा, दाबू नका. मागच्या बाजूला मऊ लांबट भाग लागेल तो नॉर्मल आहे. मग बोटं वर सरकवा, तिथे दोरीसारखं लागतं, त्यात धमन्या, शिरा आणि शुक्राणू नेणारी नळी सगळं एकत्र असतं. नळी वायरसारखी कडक लागते, तिला गाठ समजून घाबरणारे खूप जण असतात. आता श्वास रोखून कुंथल्यासारखा जोर लावा. बोटांखाली पिशवीत गांडुळं भरल्यासारखं लागलं तर ते बहुतेक व्हेरिकोसील, म्हणजे फुगलेल्या शिरा. फक्त जोर लावल्यावर लागलं तर ग्रेड १, नुसतं उभं राहून लागलं तर ग्रेड २, आणि नुसतं बघूनच दिसलं तर ग्रेड ३.

हे बहुतेक वेळा डावीकडेच का होतं? गोट्या गर्भात किडनीजवळ तयार होतात आणि तिथून खाली उतरतात, उतरताना रक्तवाहिन्याही सोबत ओढत आणतात, म्हणून धमनी थेट पोटातल्या मुख्य धमनीतून निघते. परतीच्या वाटेवर उजवी शीर तिरकी जाऊन मोठ्या शिरेला मिळते, पण डावी जास्त लांब आणि ती किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे तिच्यात दाब जास्त, झडपा कमजोर असल्या की रक्त उलटं खाली येऊन साचतं.

आणि साचलं की गरम होतं, हा खरा मुद्दा. शुक्राणू नीट बनायला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. धमनीभोवती शिरांचं गुंतवळ असतं, वर जाणारं गार रक्त खाली येणाऱ्या गरम रक्ताची उष्णता काढून घेतं, म्हणजे हा आपला कूलरच आहे, आणि व्हेरिकोसीलमध्ये तोच बिघडतो.

लागलं म्हणून झोप उडवून घेऊ नका, १०० पैकी साधारण १५ पुरुषांना हे असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलं होतात. दुखत असेल, ती गोटी लहान वाटत असेल किंवा मूल होत नसेल तर युरोलॉजिस्टकडे जा, ते कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि वीर्याची तपासणी सांगतात, ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही.

मात्र फुगवटा फक्त उजवीकडे असेल, किंवा अचानक आला आणि आडवं झाल्यावरही जात नसेल, तर लवकर दाखवा, किडनीजवळच्या गाठीने शीर दाबली गेलेली असू शकते. गोटीतच टणक गाठ लागली तरी तसंच.

अचानक एका बाजूला जीवघेणी कळ आली, उलटी होतेय, गोटी वर चढलीय, तर हे सगळं तपासत बसू नका, ती दोरी पिळली जाऊन रक्तच बंद झालेलं असू शकतं, साधारण ६ तासांच्या आत ऑपरेशन झालं तर गोटी वाचायची शक्यता खूप जास्त असते, म्हणून रात्रीचे २ वाजले असले तरी सरळ इमर्जन्सीत जा.

बाकी साध्या तपासणीत डॉक्टरांनी फक्त आडवं झोपवून बघितलं तर स्वतःहून सांगा, उभं राहून पण एकदा बघा.