पॅडचा पंप फक्त तापमानावर सोडू नका

इंदूरजवळ महू, सांवेरकडे पॉलिहाऊस असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे. फॅन-पॅडमध्ये पंप पॅड ओले ठेवतो आणि पंखे त्यातून गार हवा आत ओढतात. त्याच्या कंट्रोलरमध्ये अनेकदा एकच अट भरलेली असते: तापमान वाढले की पंप चालू. मे महिन्यात ती पुरते. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगल्या पॅडमधून हवा २६ अंशांच्या आसपास आत येते. जुलैत मात्र बाहेरचीच हवा ओली. पंप तासन्‌तास चालतो, तापमान जेमतेम दोन-तीन अंश उतरते आणि काकडीवर केवडा (पानांवरचा रोग) पसरायला आयतीच ओल मिळते.

म्हणून दुसरी अट घालाच. आतली आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की पंप बंद, पंखे चालू. पुन्हा सुरू होण्याचा आकडा ७० ठेवा. दोन्हींत अंतर नसेल तर मोटर सारखी चालू-बंद होते.

आणि सेन्सर आधी बघा, कंट्रोलर कितीही महागडा असला तरी. सेन्सर पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, छोट्या पंख्याने हवा खेळती राहील अशा पांढऱ्या डब्यात असावा. थेट उन्हात टांगलेला सेन्सर हवेचे नव्हे, स्वतःच्या तापलेल्या अंगाचे तापमान सांगतो.