वर्गातली हवा: या चुका टाळा

पंखे गरगर फिरताहेत म्हणजे वर्गात हवा खेळती आहे, असं आपण धरून चालतो. पंखा आतलीच हवा ढवळतो. एका मुलाच्या खोकल्यातून, बोलण्यातून निघालेले सूक्ष्म कण तो शेवटच्या बाकापर्यंत पोचवतो. साध्या स्प्लिट एसीचंही तेच. आतली हवा ओढायची, थंड करायची, परत आतच सोडायची. एसीसाठी खिडक्या घट्ट लावून घेणं ही मला सगळ्यांत घातक चूक वाटते, कारण गारव्यात हवा कोंदट झालेली कळतच नाही. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो.

एकाच भिंतीतल्या खिडक्या उघडून फारसं भागत नाही. समोरचं दार किंवा झरोकाही उघडा हवा, म्हणजे वारा आरपार जातो. एक्झॉस्ट फॅन लावून बाकी सगळं बंद ठेवलं, तर तो हवा ओढणार कुठून?

खिडक्या उघडूनही शंका असेल तर कार्बन डायऑक्साइड मीटर आणा. हा वायू आपल्या श्वासातून बाहेर पडतो, हवा कोंदली की तो साठत जातो. घेताना ‘एनडीआयआर’ सेन्सर, म्हणजे अवरक्त किरणांनी हा वायू थेट मोजणारा, आहे ना, ते बघा. काही स्वस्त मीटर हा वायू मोजतच नाहीत, इतर वायूंवरून नुसता अंदाज सांगतात. बाहेरच्या हवेत तो साधारण 420 ते 430 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो. भरलेल्या वर्गात आकडा 800 च्या आत राहिला तर उत्तम. सतत 1000 च्या वर जात असेल तर आणखी खिडक्या उघडा. सकाळी रिकाम्या वर्गात घेतलेल्या नोंदीला अर्थ नाही. मीटर खिडकीत किंवा कुणाच्या तोंडासमोरही ठेवू नका.

एअर प्युरिफायर लावला तरी आकडा उतरत नाही, म्हणून कित्येक जण तो बंद करून टाकतात. असं करू नका! प्युरिफायरमधला हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण गाळणारी जाळी) कण अडवतो, वायू नाही. त्याचं काम या मीटरवर दिसणारच नाही. खरी गफलत होते ती क्षमतेत. 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 3 मीटर उंच वर्ग म्हणजे 144 घनमीटर हवा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2023 मध्ये सुचवल्याप्रमाणे तासाला किमान 5 वेळा स्वच्छ हवा हवी, तर ताशी 720 घनमीटर लागते. यात खिडक्यांतून येणारी ताजी हवाही धरली जाते. खिडक्या बंद असतील तर सगळा भार यंत्रावर. डब्यावरचा सीएडीआर, म्हणजे यंत्र ताशी किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, सहसा पूर्ण वेगाचा असतो, आणि शिकवताना आवाज नको म्हणून यंत्र हळू चालवलं जातं. त्यापेक्षा दोन यंत्रं मध्यम वेगावर बरी. ओझोन सोडणारी यंत्रं मात्र वर्गात आणूच नका, ओझोनने मुलांचा दमा बळावतो.